वास आला की आधी हात खिशात

मागच्या अंकात संपादकांनी एक छोटी चौकट छापली होती : घरातल्या आगीबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, अग्निशमन दलातून निवृत्त झालेला एक कोल्हापूरकर उत्तरं देईल. तो कोल्हापूरकर मी. एकतीस वर्षं लाल गाडीवर काढली. पत्रं भरपूर आली. काहींनी परीक्षेत विचारतात तसं ‘आगीचे प्रकार सांगा’ असं विचारलंय, ती बाजूला ठेवली. ज्यांनी ‘आमच्याकडं झालं ते असं’ म्हणून मोकळेपणानं लिहिलंय ती घेतली. नावं छापत नाही, कारण निम्म्या पत्रांच्या शेवटी ‘घरच्यांना कळू देऊ नका’ असं आहे.

प्रश्न : भावाच्या वाढदिवसाला वडे तळत होते. फोन आला म्हणून बाहेरच्या खोलीत गेले. परत येते तर कढई पेटलेली. घाबरून तांब्याभर पाणी ओतलं, तर जाळ एकदम छताला लागला. खिडकीचा पडदा पेटला, माझ्या भुवया गेल्या. सासऱ्यांनी ओलं पोतं टाकलं म्हणून निभावलं. पाण्यानं आग विझायची सोडून वाढली कशी?
— एक गृहिणी, राजारामपुरी

ताई, भुवया येतील परत. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

तेल पेटतं तेव्हा ते साडेतीनशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं. पाणी शंभराला उकळतं. शिवाय पाणी तेलापेक्षा जड, म्हणजे तुमचा तांब्या वर न राहता थेट कढईच्या तळाशी गेला. तिथं त्याची एका क्षणात वाफ झाली. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते. ती जागा तेलाच्या खाली नसते, मग ती अख्खं तेल थेंब थेंब करून वर उडवते. आणि प्रत्येक थेंब पेटलेला. तुम्ही पाहिला तो जाळ म्हणजे तुमची कढईच हवेत पसरली होती.

करायचं होतं ते असं. बटण हाताला येत असेल तर शेगडी बंद. ते जाळाच्या पलीकडं असेल तर त्यावरून हात न्यायचा नाही, टाकीचा रेग्युलेटर बंद करायचा. मग परात, ताट, मोठं झाकण, जे काही कढईपेक्षा रुंद आणि धातूचं असेल ते घ्यायचं आणि आपल्या बाजूनं पुढं सरकवत कढईवर न्यायचं. वरून टाकायचं नाही, बाजूनं सरकवायचं, म्हणजे जाळ आपल्यापासून लांब ढकलला जातो. आणि मग ते झाकण तसंच सोडून द्यायचं. इथं बायका हमखास चुकतात (पुरुषही चुकतात, पण ते कढईपाशी असतात किती?). दोन मिनिटांनी ‘विझलं का बघू’ म्हणून झाकण उचलतात. तेल अजून तेवढंच गरम असतं, हवा मिळाली की परत पेटतं. अर्धा तास हात लावू नका. वडे राहू देत.

पोत्याचं म्हणाल तर ते चाललं, पण ते पिळलेलं असावं लागतं. पाणी गळणारं पोतं म्हणजे पुन्हा तांब्याच. पेटलेली कढई उचलून मोरीकडं पळणं हा त्याहून वाईट प्रकार. मी पाहिलेल्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वाईट भाजण्या अशाच झालेल्या आहेत : कढई हातात, तेल हिंदकळलं, आणि पुढं पोर उभं. आणि एक, पीठ टाकू नका. पीठ हवेत उडालं की तेही पेटतं.

तेल पेटायच्या आधी तुम्हाला सांगत असतं. आधी पातळ धूर, मग डोळ्याला झोंबणारा निळसर धूर. तो धूर म्हणजे दोन-चार मिनिटं हातात आहेत. फोन कुणाचाही असू दे, तळण चालू असताना शेगडीसमोरून हलायचं नाही. हलायचंच असेल तर शेगडी बंद करून.

प्रश्न : पहाटे उठलो तर घरभर गॅसचा वास. मी लगेच एक्झॉस्ट फॅन लावला आणि दारं उघडली. दहा मिनिटांत वास गेला. मित्र म्हणतो, तू वाचलास ते नशिबानं. फॅन लावणं बरोबरच होतं ना?
— एक शिक्षक, कसबा बावडा

मित्राचं बरोबर आहे. पण तुम्हाला बोलायचा अधिकार मला नाही, तो का ते सांगतो.

निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. पहाटे साडेपाचला पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघराच्या दारात पाऊल टाकलं आणि नाकाला वास आला. आदल्या रात्री आमच्या हिनं दूध मंद आचेवर ठेवलं होतं, ते उतू जाऊन शेगडी विझली, आणि गॅस तसाच चालू राहिला. एकतीस वर्षं शाळाशाळांतून, मंडळामंडळांतून ओरडून सांगितलं होतं की वास आला की बटणाला हात लावायचा नाही. आणि माझा उजवा हात अंधारात सरळ दिव्याच्या बटणाकडं गेला. बोट बटणावर होतं. मागून हिनं मनगट धरलं. ‘तुमचंच भाषण ऐकलंय मी,’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे, वास आला की आधी हात खिशात घालायचे. मग विचार करायचा. मग हात बाहेर.

आता कारण. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, फरशीवर पाण्यासारखा पसरतो, ओट्याखाली, फ्रिजखाली, मोरीच्या भोकात साचतो. शंभर भाग हवेत साधारण दोन ते नऊ भाग गॅस मिसळला की ते मिश्रण पेटायला तयार असतं. त्याला काडी लागते असं नाही. बटण दाबताना आत जी बारीक ठिणगी उडते, चालू करताना आणि बंद करतानाही, ती पुरते. तुमच्या एक्झॉस्टच्या मोटारीत तशीच ठिणगी होते. फ्रिज आपला आपण चालू होतो तेव्हाही. दाराची बेलसुद्धा त्यातलीच.

म्हणून क्रम असा. देवापुढं निरांजन किंवा उदबत्ती तेवत असेल तर विझवा. रेग्युलेटर बंद. दारं-खिडक्या सताड उघडा, विशेषतः खालपर्यंत उघडणारी दारं, कारण गॅस खाली आहे. कुठलंही बटण जसं असेल तसं राहू द्या, चालू ते चालू, बंद ते बंद. मेन स्विच घराबाहेर, जिन्याखाली असेल तरच तो पाडा. मग सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन बाहेरूनच करा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

गॅसला मुळात वास नसतो. तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो, तुम्हाला उठवण्यासाठी. सर्दी झालेल्या माणसाला, म्हाताऱ्यांना तो येत नाही. त्यामुळं रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायची सवय घरातल्या एकाच माणसाची असू नये.

गळती शोधायला काडी ओढणारे लोक मी अजूनही पाहतो. साबणाचा फेस करा, नळीवर आणि रेग्युलेटरच्या जोडावर लावा, बुडबुडे आले तर तिथं गळतंय. नळीवर साल छापलेलं असतं, पाच वर्षं झाली की नळी बदलायची, दिसायला कितीही चांगली असली तरी. आणि उंदीर नळी कुरतडतात. पेठांतल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : नळी पेटली आणि टाकीच्या तोंडाशी जाळ आला तर टाकी फुटते का? किती वेळ असतो?
— गंगावेशीतला एक दुकानदार

ज्वाला टाकीच्या तोंडाशी पिचकारीसारखी जळत असेल तर टाकी त्या क्षणी फुटणार नाही. ओला टॉवेल हाताला गुंडाळून रेग्युलेटर बंद करता आला तर करा, जाळ लगेच जातो. हात पोचत नसेल तर ती ज्वाला विझवायचा हट्ट करू नका. हे लोकांना उलटं वाटतं. पण जळणारा गॅस निदान दिसतो. ज्वाला विझली आणि गॅस येतच राहिला तर तो खोलीत साचतो आणि कुठल्यातरी ठिणगीनं एकदम उडतो.

टाकी फुटते ती बाहेरून भाजली जाते तेव्हा. शेजारचं सामान पेटलंय, जाळ टाकीच्या अंगाला लागतोय, अशी वेळ असेल तर मिनिटं मोजत बसू नका. सगळी गल्ली रिकामी करा. म्हणूनच भरलेली दुसरी टाकी शेगडीच्या टाकीला चिकटून ठेवायची नाही. आणि टाकी कधीही आडवी ठेवायची नाही. आडव्या टाकीतून गॅसऐवजी पातळ द्रव बाहेर येतो आणि तो बाहेर आल्यावर अडीचशे पट फुगतो.

प्रश्न : आमचा शिवाजी पेठेतला जुना वाडा. सुनेनं इंडक्शन शेगडी आणली, वर गीझर. सारखा एमसीबी पडायचा. वायरमननं सोळाचा काढून बत्तीसचा बसवून दिला. आता पडत नाही. पण बोर्डाला हात लावला तर कोमट लागतो. चालेल का?
— निवृत्त तलाठी, शिवाजी पेठ

अण्णा, नाही चालणार. हे वाचून झालं की तो गीझर बंद करा, पुढचं नंतर वाचा.

एमसीबी हा वायरचा राखणदार. वायर अमुक एवढाच भार वाहू शकते, त्याच्या वर गेलं की तो पडतो. तो पडत होता म्हणजे तुम्हाला ओरडून सांगत होता की माझी वायर तापतेय. तुमच्या वायरमननं काय केलं, तर ओरडणाऱ्या राखणदाराला काढून बहिरा बसवला. पूर्वी फ्यूज उडाला की लोक जाड तारेचे दोन-तीन वेढे टाकायचे, तसलाच हा प्रकार. फक्त आता तो सुबक पांढऱ्या डबीत दिसतो.

दोन हजार वॅटचा गीझर आपल्या विजेवर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. इंडक्शनही तेवढंच. दोन्ही एकदम, म्हणजे अठरा. जुन्या वाड्यातली वायर, लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून ओढलेली, दिवा-पंख्यासाठी टाकलेली असते. तिच्यावरचं रबर आता बोटानं दाबलं तरी भुगा होतं. वायर तापण्याचं गणितही सरळ नाही. वीज दुप्पट झाली तर उष्णता चौपट होते. ती कुठं तापते? पट्टीच्या मागं, माळ्यावरच्या वाशाला चिकटून, जिथं साठ वर्षांचं जळमट आणि उंदरांनी आणलेल्या चिंध्या असतात.

बोर्ड कोमट लागतोय ही वेगळी गोष्ट आहे, आणि मला जास्त काळजी तिची वाटते. तो आतला सैल जोड. स्क्रू ढिला झाला की वीज त्या फटीतून चरचरत जाते. ठिणगी बारीक पण उष्णता भयंकर. आणि हा सैल जोड एमसीबीला कळत नाही, कारण वीज जास्त जात नसते, चुकीच्या जागी तापत असते. घरात बसवलेला तीस मिलीअँपिअरचा ब्रेकरही इथं कामाला येत नाही. तो शॉकपासून वाचवतो, वीज जमिनीकडं गळली तर पडतो. सैल जोड ओळखायचं यंत्र म्हणजे तुमचा तळहात आणि नाक. बोर्डाजवळ जळक्या प्लॅस्टिकचा वास, बटणाभोवती पिवळट डाग, दिवा लुकलुकणं, पिन काढल्यावर ती गरम लागणं, यातलं एक जरी असलं तरी वायरमन बोलवा. वेगळा बोलवा.

गीझरला आणि इंडक्शनला थेट मीटरपासून वेगवेगळी लाइन ओढून घ्या. अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येकाला आपापला एमसीबी. खर्च होईल. वाड्याच्या लाकडाकडं एकदा बघा आणि मग खर्चाचा विचार करा.

पुराच्या भागातल्या लोकांनी हे दोनदा वाचावं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या बोर्डात पाणी शिरलं त्यांनी वाळवून, पुसून तीच बटणं पुन्हा वापरली. वरून काही दिसत नाही. आत स्क्रूंना गंज आणि गाळाचा थर. तसला एक बोर्ड मी पुरानंतर दोन वर्षांनी उघडून पाहिलाय, आतून वाळका चिखल पडला आणि एक मेलेली पाल.

प्रश्न : केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. एवढ्या गाड्या असून ते का वाचलं नाही? तुम्ही असता तर वाचलं असतं?
— एक रंगकर्मी, मंगळवार पेठ

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मीही रस्त्यावरच होतो, तुमच्यासारखाच, हात बांधून. आयुष्यात पहिल्यांदा मी आगीपुढं पाइप नसलेल्या बाजूला उभा होतो. ते काय वाटतं ते मला लिहिता येणार नाही.

मी असतो तर वाचलं असतं असं म्हणणारा माणूस खोटारडा. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं थिएटर, त्याचं लाकूड शंभर वर्षं वाळलेलं. वर उंच छत, खाली पडदे, खुर्च्या. आग पोटमाळ्यात किंवा छताच्या पोकळीत शिरली की ती खालून दिसत नाही, पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि गरम हवा वरच्या वर सगळीकडं फिरून लाकूड आधीच शेकून ठेवते. मग एकाच वेळी सगळं पेटल्यासारखं दिसतं.

नाट्यगृहाबद्दल मी यापुढं बोलणार नाही. पण तुमच्या घरात हीच गोष्ट खोलीएवढ्या आकारात घडते, ती सांगतो. सोफा पेटला की धूर आणि उष्णता आधी छताला जाऊन साचते. छताखालचा थर पाच-सहाशे अंशांवर गेला की खोलीतलं सगळं सामान, जाळ न लागताही, एकदम भडकतं. त्या खोलीत त्यानंतर कुणी जगत नाही. आजीच्या काळी लाकडी पलंग, कापसाची गादी. ती खोली त्या अवस्थेला यायला अर्धा तासही घ्यायची. आता गादीत फोम, सोफ्यात फोम, पडदे पॉलिएस्टरचे. प्रयोगांत असल्या खोल्या पाच मिनिटांच्या आत भडकलेल्या आहेत. गाडी कितीही वेगानं आली तरी ती पाच मिनिटं तुमचीच असतात, आमची नाहीत.

प्रश्न : फ्लॅट चौथ्या मजल्यावर. चोरांच्या भीतीनं सगळ्या खिडक्यांना आणि गॅलरीला ग्रिल. रात्री आग लागली तर ओला रुमाल नाकाला लावून जिन्यानं पळावं असं ऐकलंय. बरोबर का?
— दोन मुलांची आई, उचगाव

रुमालाचं अर्धं बरोबर. ओला रुमाल काजळी अडवतो. कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, आणि माणूस मरतो तो बहुतेक वेळा त्यानं. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूच्या जागी जाऊन बसतो, आणि प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट बसतो. मी ज्यांना उचलून बाहेर आणलं त्यातल्या कितीतरी लोकांच्या अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. झोपल्यासारखे होते. एकजण तर बाहेर येऊन उभा राहिलेला माणूस, बँकेचं पासबुक कपाटात राहिलं म्हणून परत आत गेला. जिन्यापासून कपाट बारा पावलं. आम्हाला तो नवव्या पावलावर सापडला. जगला, पण नातवंडांची नावं त्याला आजही आठवत नाहीत.

म्हणून धूर दिसला की उभं राहायचं नाही. फरशीपासून हातभर उंचीवर हवा बरी असते, रांगत जायचं. मुलांना हा खेळ म्हणून शिकवा, डोळे बांधून पलंगापासून दारापर्यंत रांगत, हातानं भिंत चाचपत. आग असलेल्या खोलीचं दार बाहेर पडताना ओढून घ्या. साधं प्लायचं दारही आग आणि धूर काही मिनिटं आतच रोखतं, आणि तेवढ्यात सगळे खाली पोचतात.

जिन्यात धूर असेल तर मात्र पळू नका. जिना म्हणजे चिमणी. परत घरात या, दार लावा, फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीत जा आणि तिथून हाका मारा. लिफ्ट नाही.

आणि त्या ग्रिलचं आजच बघा. एका तरी खिडकीचं ग्रिल बिजागरीवर उघडणारं करून घ्या. किल्ली तिथंच बाजूच्या खिळ्याला, थोरल्याचा हात पोचेल अशी, बाहेरच्याचा पोचणार नाही अशी. आम्ही ग्रिल कापायला लागतो तेव्हा आत कोण कसं बघत असतं ते मला विसरता आलेलं नाही.

प्रश्न : समईची पेटती वात उंदीर ओढून नेतो हे खरं का? सून हसते.
— एक आजी, कागल

खरं आहे. तेलासाठी नेतो, ओढता ओढता वात पडद्यापाशी नाही तर कापसाच्या पिशवीपाशी टाकतो. समईला काचेची चिमणी आणा, आणि झोपताना, बाहेर जाताना दिवा शांत करा. सुनेला सांगा, मी हसलो नाही.

प्रश्न : आमच्याकडं अजून पाण्याचा बंब पेटवतात, चिपाडं आणि भुसा घालून. राख रोज पोत्यात भरतो. परवा पोतं आपोआप धुमसलं.
— एक शेतकरी, करवीर तालुका

आपोआप नाही. भुशाची राख वरून थंड लागते, आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. लोखंडी बादलीत काढा, पाणी ओता, मग टाका. बंबानं लावलेली आग विझवायला बंब बोलवायची वेळ माझ्या नोकरीत तीनदा आली. पोरं खूप हसायची.

प्रश्न : इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर जिन्याच्या तोंडाशी चार्जिंगला लावतो. दुसरीकडं पॉइंट नाही.
— एक वाचक, राजारामपुरी

पॉइंट ओढून घ्या, उघड्या पार्किंगमध्ये. ती बॅटरी बिघडून पेटली तर आतल्या आत तापत जाते, विझल्यासारखी दिसते आणि तासाभरानं परत पेटते. तिचा धूर विषारी असतो आणि तुम्ही ती ठेवलीय ती नेमकी सगळ्यांच्या पळायच्या वाटेवर. रात्री सगळे झोपेत असताना चार्जिंग नको, आणि चार्जर गाडीबरोबर आला तोच.

प्रश्न : अंगावरच्या साडीनं पेट घेतला तर पांघरूण टाकावं का? नंतर काय लावावं? आई टूथपेस्ट लावते.
— कॉलेजची विद्यार्थिनी, शाहूपुरी

पेटलेलं माणूस पळतं, आणि पळाल्यानं वारा लागून जाळ चेहऱ्याकडं चढतो. त्याला खाली पाडा, जमिनीवर लोळवा. पांघरूण टाकायचं तर घोंगडी टाका. पट्टणकोडोलीच्या घोंगडीएवढी चांगली वस्तू मी कुठल्या दुकानात पाहिली नाही. लोकर सहजासहजी पेटत नाही, पेटली तरी करपून आपली आपण विझते. हल्ली मिळणारे मऊमऊ चकचकीत रग टाकू नका, ते वितळून अंगाला चिकटतात. साडीचंही तेच. शेगडीसमोर सुती बरी, आणि पदर खोचलेला.

विझलं की लगेच भाजलेल्या भागावर नळाचं साधं पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. बर्फ नाही, हळद नाही, शाई नाही, टूथपेस्ट तर नाहीच. दवाखान्यात ती खरवडून काढताना जे दुखतं ते आईला एकदा दाखवायला हवं. बांगड्या, अंगठ्या, जोडवी आधीच काढा, सूज आल्यावर कापावी लागतात. चिकटलेलं कापड ओढू नका. स्वच्छ धुतलेल्या सुती कपड्यात गुंडाळून दवाखाना.

प्रश्न : मी आठवीत आहे. आग लागली तर १०१ ला फोन करतात हे माहीत आहे. पण फोनवर काय बोलायचं?
— एक विद्यार्थी, मंगळवार पेठ

बाळ, सगळ्या पत्रांत हे एकच पत्र असं आहे की ज्याचं उत्तर माझ्या जुन्या सहकाऱ्यांनाही आवडेल.

१०१ लागला नाही तर ११२. आधी पत्ता सांग, मग आग. लोक उलटं करतात, ‘लवकर या, सगळं पेटलंय’ म्हणतात आणि फोन ठेवतात. आम्ही जीपमध्ये बसून एकमेकांच्या तोंडाकडं बघत असतो. पत्ता पेठेतला असेल तर घर नंबर सांगून उपयोग नाही, तालमीचं नाव सांग. अमुक तालमीच्या मागं, पिठाच्या गिरणीसमोर. कोल्हापुरात तालीम सगळ्या ड्रायव्हरांना पाठ असते. मग काय पेटलंय ते सांग, गॅस आहे का, आत कुणी अडकलंय का, कितवा मजला. गल्ली अरुंद असेल तर ते सांग, मोठी गाडी आत येत नाही, छोटी पाठवावी लागते. गणपतीचा मांडव घातलेला असेल तर तेही. पलीकडच्यानं फोन ठेवेपर्यंत तू ठेवू नकोस.

मग घरातल्या मोठ्यांपैकी एकाला गल्लीत लावलेल्या गाड्या बाजूला काढायला सांग, आणि तू चौकात जाऊन उभा राहा. रात्र असेल तर मोबाइलची बॅटरी लावून हात वर कर. आम्हाला वळायचं कुठं ते लांबून दिसतं.